मास्तरांची परतीची गाडी

सकाळी बाळू ड्रायव्हरचा फोन आला. कोयनानगरचा कार्यक्रम करून परत येताना वाटेतच उस्मानमास्तरांच्या छातीत कळ आली, कराडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... एवढं सांगून तो रडायला लागला. मी विचारलं, "गाडी कुठाय?" ऐकणाऱ्याला हे कठोर वाटेल. पण त्या दिवशी मिरजेच्या एका धर्मादाय रुग्णालयात जत भागातली दहा-बारा म्हातारी माणसं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन बसली होती, आणि दुपारी त्यांना घरी सोडायला मास्तरच जाणार होते. त्यांच्या जागी मी मेले असते, तर त्यांनीही आधी हेच विचारलं असतं. फक्त माझ्यापेक्षा जास्त घाबरून.

आमचा ऑर्केस्ट्रा कराडचा. मास्तर ट्रंपेट वाजवायचे आणि ऑर्केस्ट्राही त्यांचाच. मी निवेदिका, म्हणजे गाण्यांच्या मधे गोड बोलायचं आणि बाकीच्या वेळी यात्रा कमिट्यांशी भांडायचं. सातारा-सांगलीतली क्वचितच एखादी यात्रा असेल जिथं आम्ही सुपारी घेतली नाही. इतक्या वर्षांत आमची कामाची वाटणी आपोआप झाली होती. धावपळ माझ्याकडे, काळजीचं खातं मास्तरांकडे. स्टेजवर छाती पुढे काढून वाजवणारा हा माणूस गाडीत बसला की टायरपासून जनरेटरपर्यंत सगळ्याची चिंता करायचा. मला त्याचा वैताग यायचा, हे इथं सांगून टाकते.

म्हाताऱ्या माणसांचं काम सुरू झालं ते जत तालुक्यातल्या एका यात्रेत. पहिल्याच रांगेत एक बाई स्टेजकडे खांदा करून बसली होती. मास्तरांनी माइकवरून थट्टा केली, "आवं आजी, आमी हिकडं हाय! तोंड हिकडं करा की." ती तिथूनच ओरडली, "तोंड करून काय करू? डोळ्याला दिसंना झालंय. कान तुझ्याकडं केलाय, तेवढा पुरं की!" सगळं मैदान हसलं. मास्तर हसले नाहीत. सामान भरताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, आपली गाडी मिरजेवरनंच जाती. डोळ्याचा दवाखाना हाय तितं. बाकं रिकामी न्यायची, त्यापरीस..." मी म्हटलं, "आणि काही झालं तर? दुसऱ्यांच्या आया आहेत त्या." "व्हय, त्येचंच भ्या वाटाय लागलंय," असं म्हणत ते कमिटीच्या लोकांना शोधायला गेलेसुद्धा. त्या बाईचं नाव गंगव्वा. तिच्या मुलानं 'न्या' म्हटल्यावर गावातले आणखी सहा-सातजण तयार झाले.

गाडीत अर्धी जागा वाद्यांची. म्हणून प्रत्येकाच्या मांडीवर एकेक वाद्य दिलं. कुणाला ढोलकी, कुणाला कोंगो, गंगव्वाला खंजिरी. ढोलकी घेऊन बसलेला म्हातारा भलताच ऐटीत दिसतो! मी माणसं मोजायला लागले तर एक आजोबा भडकले, "मोजाय आमी काय मेंढरं हाय व्हय?" तेव्हा मास्तरांनी तोड काढली. वाजवणारी मंडळी गाडी सोडताना माणसं मोजत नाहीत, वाद्यं मोजतात. वाद्य आलं म्हणजे वाजवणारा आलाच. तोच नियम त्यांनी इथं लावला.

ऑपरेशनं चांगली झाली आणि दोन दिवसांनी आम्ही त्यांना आणायला गेलो. पुढचा कार्यक्रम तिकडचाच होता. मास्तरांनी वाद्यं मोजली, सगळी भरली, गाडी सुटली. कवठेमहांकाळ जवळ आल्यावर ते सहज मागे वळले, तर एकाच आजोबांच्या मांडीवर ढोलकी आणि ढोलकीवर खंजिरी. "ही कुणाची?" "गंगव्वाची. जरा धर म्हनली, आलोच." बाळूनं गाडी वळवली. मिरज येईपर्यंत मास्तर एकच वाक्य बोलत होते, "बाई, तिच्या पोराला काय सांगू?" पोलिसांत जावं लागेल, गाव आपल्याला दारात उभं करणार नाही, पुन्हा कुणी आपली आई आपल्याबरोबर पाठवणार नाही, हे सगळं माझ्याही डोक्यात येऊन गेलं. पण मी बोलले नाही. दोघांनी बोलण्यात अर्थ नव्हता. शेवटी बाजारात एका कासाराच्या दुकानात ती सापडली. नातीसाठी बांगड्या उजेडाकडे धरून एकेक रंग बघत बसली होती. मास्तर पायरीवर मटकन बसले. गंगव्वाच म्हणाली, "अय्यो, एवढा कशाला भितोस रं? आता दिसतंय मला. चुकतो व्हय मी?"

तेव्हापासून मास्तर वाद्यं मोठ्यानं मोजायचे आणि माणसं मनात. खिशातली बोटं हलायची, ती मला दिसायची. आटपाडी, जत, जिथं जिथं यात्रा असेल तिथं कार्यक्रम संपताना मी माइकवरून डोळ्यांच्या फेरीचं सांगायची आणि सकाळी गाडीपाशी कोणी ना कोणी बोचकं घेऊन उभं असायचं. फेरी ठरली की मास्तरांना जेवण जायचं नाही. "एकाचा जरी डोळा गेला, तर त्या गावात तोंड दावायचं न्हाई आपण." मी म्हणायची, मग बंद करा. "बंद केलं तर सगळ्यांचंच जाणार की वो," ते चिडायचे. "भ्या वाटतंय म्हणून काय घरात बसायचं?"

मास्तर गेले त्या दिवशी मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. भाभींनी मला जवळ बसवलं, हात धरला आणि कानाशी म्हणाल्या, "तुमी हितं बसून काय करणार? जावा, त्या म्हाताऱ्या माणसांना घरला सोडा. न्हाईतर ह्येंचा जीव तिकडंच अडकायचा." बाळूला मी दफनासाठी थांबायला सांगितलं, गाडी दुसरा कुणीतरी चालवेल म्हटलं. तो डोळे पुसत म्हणाला, "दुसऱ्याच्या हातात गाडी मास्तरांनी कवा दिलीय का?" आणि स्टीअरिंगवर जाऊन बसला.

रुग्णालयात नर्स सगळ्यांना ओळीनं बसवून बजावत होती. डोळा चोळायचा नाही. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. वाकून ओझं उचलायचं नाही. आणि रडायचं नाही. हे शेवटचं ऐकून मी दारातच थांबले. मास्तर कुठायत, हे सगळेच विचारणार होते. त्यात यंदा गंगव्वा दुसऱ्या डोळ्यासाठी आली होती, आणि मास्तरांवर तिचा जीव. मी जाहीर करून टाकलं, "मास्तर कोयनानगरच्या कार्यक्रमात अडकलेत. मीच आलेय. नर्सबाई काय म्हणाल्या ते ध्यानात ठेवा, रडायचं नाही कुणी." "रडाय काय झालंय?" एक आजोबा म्हणाले. "मास्तर न्हाई म्हणून रडू व्हय?" सगळे हसले. मीही हसले. पंचवीस वर्षं स्टेजवर हसण्याचा तेवढा उपयोग झाला.

वाद्यं गाडीतच होती, ती मी नेहमीसारखी वाटली. प्रत्येकाच्या खिशात फोन. एखाद्या घरून बातमी आली तर? कुणी गाडीतच हंबरडा फोडला तर? कुणाचा फोन वाजला की मी आधी त्याचा चेहरा बघायची. चहाला थांबलो तेव्हा बाळूचे लाल डोळे बघून गंगव्वा म्हणाली, "तूबी दावून घे रं डोळा." "धूळ गेलीया," तो म्हणाला. परत गाडीत चढताना ती पुढच्या सीटपाशी थांबली. सीटवर मास्तरांच्या ट्रंपेटची पेटी होती. सकाळच्या गडबडीत ती कुणाच्याच लक्षात आली नव्हती, माझ्याही नाही. इतरांना दिलेली वाद्यं मी बघितली, आणि नेमकी हीच राहिली. गंगव्वानं खंजिरी मागं दिली, पेटी उचलून मांडीवर घेतली आणि गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. उतरताना पेटी माझ्या हातात देऊन म्हणाली, "नीट ने गं."

सगळे घरी पोचले. माणसं मी मनात मोजली होती, दोनदा.

थेंबांचे फोन आता मी करते. औषधाचे थेंब वेळेवर घालतात की नाही, हे मास्तर प्रत्येकाच्या घरी रोज फोन लावून विचारायचे. मला तो अतिरेक वाटायचा. आता संध्याकाळ झाली की फोन घेऊन बसते आणि एकानं उचलला नाही तर मला जेवण जात नाही. बाकीच्यांना बातमी त्यांच्या त्यांच्या घरच्यांकडून कळली. कोण किती रडलं ते मी विचारलं नाही, डोळा लाल आहे का एवढंच विचारलं. गंगव्वा मात्र मास्तरांचं नावच काढत नव्हती. गेल्या आठवड्यात तिला फोन लावला, तर म्हणाली, "घातलं, घातलं. मास्तरापरीस वाईट हाईस तू." मग हळूच म्हणाली, "ट्रंपेट सोडून मास्तर कार्यक्रमाला जातोय व्हय? मला तवाच कळलं. पर रडायचं न्हाई म्हनली हुतीस तू. एवढं भिऊन भिऊन डोळं करून दिलं त्यानं, ते घालवू व्हय?" पुढं लगेच म्हणाली, "एक काम कर. डॉक्टरला इचार, आता रडलं तर चालतंय का."

मी विचारलं. आता हरकत नाही, डॉक्टर म्हणाले. लगेच फोन करून तिला तसं सांगितलं.

"बरं," ती म्हणाली.

मी फोन ठेवला नाही.