सुलेमानभाईंची दहा मिनिटं

सुलेमान सिद्दींना एक खोड होती. समोरची माणसं मराठीत बोलतायत हे कळलं, तरी ते लगेच तोंड उघडत नसत. चेहरा कोरा ठेवून ऐकत राहायचे. सहा फूट उंची, काळाभोर रंग, दाट कुरळे केस. त्यामुळे समोरचा त्यांना सुदानी नाहीतर केनियाचा समजून बिनधास्त बोलत सुटायचा. त्याचं सगळं बोलून झालं, की सुलेमानभाई शांतपणे विचारायचे, "गाव कुठलं तुमचं?"

मीही असाच सापडलो. नव्वदच्या दशकात पुण्यातली नोकरी सोडून मी दुबईतल्या एका एअरकंडिशनिंगच्या कंपनीत लागलो. पहिल्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये गेलो, तर हा दांडगा माणूस पत्र्याच्या डक्टवर बोटाने टिचक्या मारत चालला होता आणि कान लावून ऐकत होता. मी शेजारच्या मराठी स्टोअरकीपरला म्हणालो, "या हबशाला ड्रॉइंग तरी वाचता येतं का हो? नुसता टकटक करतोय." स्टोअरकीपर एकदम खाली बघायला लागला. सुलेमानभाईंनी शेवटची टिचकी मारली, कामगाराला हिंदीत सांगितलं की तिसऱ्या जोडाचा रिव्हेट सैल आहे, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "गाव कुठलं तुमचं?"

मी पुणं म्हणून सांगितलं. 

"मी मुरूडकडचा. आमच्या पडवीतून जंजिरा दिसतो. ड्रॉइंग वाचता येतं, भाऊ. तुमच्याच ऑफिसनं ते दोन इंचांनी चुकवलंय."

मी माफी मागायला लागलो, तर हसले. "सोडा हो. माणसाला बोलू द्यावं. ऐकणारा बहिरा हाय असं वाटलं, की तो पोटातलं बोलतो." या वाक्याने मी तेव्हा नुसता ओशाळलो होतो. ते जन्मभर माझी पाठ धरील असं वाटलं नव्हतं.

सुलेमानभाई डक्टचे फोरमन होते. ते अजमानला एका खोलीत सहा जणांत राहायचे, आम्ही शारजाला अल मजाज भागात, लगूनच्या, म्हणजे तिथल्या खाडीच्या काठावर. ते रोज सकाळी शेअर टॅक्सीने आमच्या बिल्डिंगखाली यायचे आणि तिथून माझ्या गाडीने आम्ही दोघं दुबईला जायचो. ट्रॅफिकमध्ये अडकलो की मी चरफडायचो आणि ते डॅशबोर्डवर बोटं चालवायचे. सिद्द्यांचे ठेके त्यांच्या अंगातच होते. गावी उरुसाला त्यांचे चुलते ढोल घ्यायचे आणि अख्खी आळी रिंगण धरून नाचायची, ते वर्णन मी शंभरदा ऐकलं असेल. मला ते "दिघेभाऊ" म्हणायचे, बायकोला "वहिनी". शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सुरमई घेऊन घरी यायचे आणि वहिनींच्या कालवणाला नावं ठेवत तीनदा वाढून घ्यायचे.

आमची सई तेव्हा सात वर्षांची. तिथल्या शाळेत जाणारी सगळी पोरं बोलतात तशी घरातही इंग्रजीच बोलायची. आम्ही हात टेकले होते. सुलेमानभाईंनी टेकले नाहीत. स्टीलचा डबा पालथा घालून ते तिला ठेका शिकवायचे आणि तिने इंग्रजीत काही विचारलं की डबा थांबायचा. "मराठीत विचार, बाय. इंग्रजी शाळा शिकवील. मराठी तुला मी नाय तर कोण शिकवणार?" मग सई अडखळत मराठीत विचारायची आणि डबा पुन्हा सुरू व्हायचा. आमच्या पोरीला मराठी आलं ते एका हबशामुळे, असं ते स्वतःच हसत सांगायचे. तो शब्द त्यांच्या तोंडी छान वाटायचा.

एकदा ते आम्हाला अजमानला एका लग्नाला घेऊन गेले. मोकळ्या मैदानात तिथले काळे अरब लीवा नावाचा त्यांचा नाच नाचत होते. मधोमध ढोल, सनईसारखं एक वाद्य, भोवती पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातल्या पुरुषांचं संथ फिरणारं रिंगण. या लोकांचे पूर्वजही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरूनच इकडे आलेले. थोडा वेळ ऐकून सुलेमानभाईंनी एका म्हाताऱ्याकडून ढोल मागून घेतला आणि वाजवायला लागले. म्हातारा डोळे मोठे करून बघतच राहिला. तिकडच्या जुन्या लोकांना हिंदी चांगलं येतं. तो म्हणाला, "हबीबी, तेरा दादा और मेरा दादा एक ही नाव में था क्या?"

"नाव अलग, चाचा. समंदर एक," सुलेमानभाई म्हणाले. परतताना गाडीत डॅशबोर्डवर तोच ठेका धरून होते. मग म्हणाले, "दिघेभाऊ, या लोकांनी आपलं नाचणं जपलंय आणि कोणी त्यांना विचारत नाय की तू अरब कसा. आमच्या रुबीनाला मात्र विचारतात."

रुबीना त्यांची मुलगी, गावी पाचवीत शिकत होती. शाळेत इतिहासाच्या तासाला जंजिऱ्याचा धडा झाला आणि मधल्या सुट्टीत पोरींनी तिला घेरलं: तुम्ही आफ्रिकेचे, मग तू मराठी कशी? पोर दोन दिवस शाळेत गेली नव्हती. बापाने फोनवर समजूत घातली, पण फोनवर कितीशी घालणार?

कल्पना माझीच होती, हे आधी कबूल करतो. मी आमच्या मराठी मंडळाचा चिटणीस होतो आणि महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालनही माझ्याकडे आलं होतं. मी म्हणालो, "सुलेमानभाई, आमच्या स्टेजवर या. आधी दहा मिनिटं बोला, महाराष्ट्रातल्या हबशांचा इतिहास सांगा. मग ढोल वाजवा. मंडळ व्हिडिओ काढतंच. कॅसेट रुबीनाला पाठवू, शाळेत लावू दे."

"मला बोलू देतील?"

"मी आहे ना!"

त्यांनी भाषण लिहून काढलं, जुन्या ड्रॉइंगच्या पाठीमागे, गोल शाळकरी अक्षरात. निजामशाही सांभाळणारा हबशी वजीर त्यात होता. त्याने बांधलेली नहर होती, तिचं पाणी पिऊन एक शहर वाढलं हे होतं. जंजिऱ्याचे तांडेल होते, उरुसातली गाणी होती. सुरुवात अशी होती: "मंडळी, आम्ही पाहुणे नाय. आम्ही चारशे वर्षं तुमच्या घरातले." मी म्हटलं, "'नाही' म्हणा, स्टेज आहे." ते म्हणाले, "रुबीना ऐकणार हाय. बाप असा कुठं बोलतो, म्हणेल."

कार्यक्रमाच्या आदल्या शुक्रवारी कमिटीची बैठक झाली. कार्यक्रमाचा खर्च उचलणारे एक उद्योजक प्रमुख पाहुणे होते. अध्यक्ष म्हणाले, "दिघे, भाषण खलास. लोक आठवड्याभराचे दमून येतात, त्यांना इतिहास नको. नाच ठेवा. तो ढोल वाजवेल आणि आपली आठ पोरं भोवती नाचतील. आफ्रिकन डान्स. कमरेला पानं, तोंडाला काळा रंग. धमाल येईल बघा."

मी म्हणालो, "अहो, पण ते मुरूडचे आहेत."

"दिसतात का मुरूडचे?" अध्यक्ष हसले, सगळे हसले. मीही हसलो. नाही हसलो असं लिहायला मला आवडलं असतं. आठ पोरांच्या यादीत सईचं नाव होतं. मी मान डोलावली आणि विषय पुढे गेला.

शनिवार ते गुरुवार, सहा दिवस सुलेमानभाई माझ्या शेजारी बसून भाषण घोकत होते. जाताना एकदा, येताना एकदा. मला सगळं ठाऊक होतं आणि मी ऐकत होतो. चेहरा कोरा ठेवून ऐकण्याची त्यांची खोड त्या आठवड्यात मला लागली. उद्या सांगू, संध्याकाळी सांगू, असं म्हणत राहिलो. गुरुवारी तर "नहर" शब्दावर जरा थांबा, परिणाम होईल, अशी सूचनाही केली. माणूस किती नीच होऊ शकतो हे मला कुठल्या पुस्तकातून शिकायची गरज उरलेली नाही. भांडलो असतो तर सूत्रसंचालन गेलं असतं, एवढाच काय तो सवाल होता. मला ते हवं होतं. माझा आवाज चांगला आहे असं सगळे म्हणायचे.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेचा हॉल भरला होता. निघण्याआधी घरी बायकोने सईला पानांचा घागरा बांधला, पण काळा रंग लावायला साफ नकार दिला. "त्यांना सांगितलंत का?" तिने विचारलं. मी म्हणालो, "सांगतो." रंग मग विंगेत दुसऱ्या कोणीतरी लावला. सुलेमानभाई पांढरा झब्बा घालून आले होते, दाढी कोरलेली, अत्तर लावलेलं. खिशात घडी केलेलं ड्रॉइंग. "दिघेभाऊ, छातीत ढोल वाजतोय," ते म्हणाले. अध्यक्षांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली आणि मी माईकपाशी गेलो.

चिठ्ठी मी शब्दन् शब्द वाचली. "आणि आता, थेट आफ्रिकेच्या जंगलातून आपल्या भेटीला येत आहेत आपले खास पाहुणे!"

टाळ्या झाल्या. सुलेमानभाई स्टेजवर आले होते आणि त्यांचा हात खिशाकडे गेला होता. तो तिथेच राहिला. दुसऱ्या विंगेतून तोंडं काळी केलेली आठ पोरं हू हू करत आत आली. त्यांनी पोरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोच चेहरा, कोरा, समोरच्याचं बोलून होईपर्यंत थांबणारा. माईक त्यांच्यापासून दोन हातांवर होता. मला वाटलं, आता ते सगळ्या हॉलला विचारतील, गाव कुठलं तुमचं. विचारावं असंच मला वाटत होतं, देवाशपथ.

ते माईककडे वळले नाहीत. ढोल सुरू होत नाही म्हणून पोरं गोंधळली, एकमेकांना धडकायला लागली. सईला रडू फुटायच्या बेतात होतं. तेव्हा सुलेमानभाईंनी ढोल ओढला आणि तिला डब्यावर शिकवलेला ठेका धरला. सईची पावलं पडायला लागली, तिच्यामागे बाकीच्यांची. हॉल नुसता डोक्यावर घेतला लोकांनी. वन्स मोअर झाला. त्यांनी तोही वाजवला.

नंतर विंगेत गेलो, तर ते सईसमोर उकिडवे बसून ओल्या रुमालाने तिचं तोंड पुसत होते. काळा रंग आणखीच पसरला होता. "अंकल, इट्स नॉट कमिंग ऑफ," सई रडत म्हणाली.

मराठीत बोल, बाय, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "निकल जाएगा, बेटा. तुम्हारा निकल जाएगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते येणार नाहीत असं मला वाटलं होतं. आले, नेहमीच्या वेळेला. मागचं दार उघडून मागे बसले. "गुड मॉर्निंग, सर."

"सुलेमानभाई, काल मी..."

"सर, ट्रैफिक बहुत है. आप रोड देखिए."

ती त्यांची माझ्याशी असलेली नवी भाषा होती आणि पुढे तीच राहिली. रागावलेले नव्हते, टोमणा नाही, कामात कसूर नाही. फक्त मराठी बंद. माझ्यासमोरच बंद, वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपरशी ते पूर्वीसारखेच मुरूडच्या मराठीत गप्पा मारायचे आणि मी आत आलो की वाक्य मध्येच हिंदीत वळायचं. वहिनींनी दोनदा जेवायला बोलावलं. "सॉरी मॅडम, इन्शाल्ला फिर कभी." कॅसेट आली तेव्हा मी ती त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "ये आप रखिए, सर. इसमें आवाज़ आपकी है."

ती अजून माझ्याकडे आहे. लावून बघायची हिंमत झालेली नाही. तीन महिन्यांनी त्यांनी अबूधाबीच्या साइटवर बदली मागून घेतली आणि काही वर्षांनी नोकरी सोडून गावी गेले, असं कानावर आलं.

मी परतलो तो दोन हजार चारच्या सुमारास. स्टोअरकीपरकडून नंबर मिळवला आणि एका दुपारी हिय्या करून फोन लावला. कोणीतरी मुलीने उचलला. "अब्बा, फोन हाय!" मागे सुलेमानभाई दारावरच्या कोळणीशी हुज्जत घालत होते. "अगो, ही सुरमई काय शारजाहून आणलीस काय? डोळे बघ तिचे!" किती वर्षांनी तो आवाज त्या भाषेत ऐकत होतो. मग रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला.

"हॅलो, कौन?"

"सुलेमानभाई, मी दिघे."

"जी सर. बोलिए."

मी बोललो. सगळं बोललो, कमिटी, चिठ्ठी, ते सहा दिवस, "नहर"वर थांबा म्हणून सांगितलेलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपलं आणि मी थांबलो. माणसाचं बोलून झालं की ते काय विचारतात हे मला ठाऊक होतं.

"ठीक है, सर. सुन लिया. मैडम को, बेटी को सलाम कहिए."

रिसीव्हर नीट बसला नसावा. मला पलीकडचं ऐकू येत राहिलं. मुलगी विचारत होती, "कोण होतं, अब्बा?"

"कोण नाय गो," सुलेमानभाई म्हणाले. "तिकडचे एक पाहुणे."