शाळा सोडण्याचे कारण

आमच्या आश्रमशाळेचे क्लार्क ओळीखाली पट्टी धरून लिहितात आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसतात. जन्मतारीख माहीत नसलेल्या कितीतरी पोरांना त्यांनी मनानंच एक जून देऊन टाकलाय.

परवा दहावीतल्या एका मुलीची आई खिडकीशी आली. मुलीला दिवस गेलेत, पण परीक्षा द्यायचीय, म्हणाली. यांनी थेट दाखलाच लिहिला. शाळा सोडण्याचं कारण: गरोदर. तो कागद पोरीनं जन्मभर दाखवत फिरायचा.

माझं डोकंच फिरलं. "भाऊसाहेब, तिनं शाळा सोडलीय कुठं? आणि हे कशाला लिहिलंत?"

"मॅडम, रेकॉर्डला खोटं लिवायची सवय न्हाई आपल्याला."

मी दाखला ओढून घेतला. वर तिची जन्मतारीख होती, त्यांच्याच अक्षरात. एक जून.

तिथंच फाडला.