काचेच्या मण्याची मर्जी

प्रयोगशाळेच्या दारापाशी स्टूल टाकून बसलं की किस्से शोधत हिंडावं लागत न्हाय. ते आपणच येऊन शेजारी बसतात. मी उमरग्याच्या एका कॉलेजात दार सांभाळतो. शाळेत गेलो न्हाय, पण कान शाबूत हायत.

आत लोहाऱ्याची नसरीन पीएचडी करते. काचेची बारीक तार ज्योतीत धरली की टोक वितळून गोल मणी होतो, मोहरीहून लहान. त्या काचेत कसलासा पदार्थ मिसळलेला असतो. मण्यात उजेड सोडला की तो आतल्या आत गरगर फिरतो आणि लेसर होऊन बाहेर पडतो, म्हणे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याची उभी रेघ दिसते. ती रेघ एका जागी थांबली तर नसरीनला डिग्री. न्हाय तर एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात!

*

एकदा नसरीनचे अब्बा आले. मण्यात हिरवा ठिपका चमकत होता. म्हणाले, "बेटा, ह्याच्यापायी एवढी वर्षं? जत्रेतला लेसर याहून लांब जातो!"

"अब्बा, हा हिरवा तो न्हवं. खरा लेसर डोळ्याला दिसतच न्हाय."

अब्बांनी वाकून ठिपका पुन्हा बघितला.

"मग मी लोहाऱ्यात लोकांना काय सांगू?"

*

वारं लागलं की रेघ हलते, म्हणून भर उन्हाळ्यात पंखा बंद. वायरमन आला, वर बघून म्हणाला, "पंखा बिघडलाय व्हय?"

नसरीनच्या गाईड मॅडम घाम पुसत म्हणाल्या, "चांगला चालतो. म्हणून तर बंद ठेवलाय!"

अंगाची ऊब लागली तरी रेघ सरकते. मॅडम जवळ गेल्या की हमखास सरकायची. मॅडम म्हणायच्या, "ह्यात नवं काय? घरी मी आले की सगळेच सरकतात!"

*

खंडेनवमीला आमच्या गुंडू शिपायानं सगळ्या यंत्रांना हळदीकुंकू वाह्यलं. मण्याला कसं वगळायचं? त्यालाही लावलं.

नसरीननं मायक्रोस्कोपातून बघितलं. "गुंडूमामा, हा लाल डोंगर कुठनं आला?"

गुंडूनं हात जोडले. "ताई, आईशप्पथ, लई थोडं लावलं हो!"

तिनं गुमान नवा मणी वितळवायला घेतला.

*

मग परीक्षेचा दिवस आला. बाहेरगावचे परीक्षक सर येणार होते. वारं लागू नये म्हणून मण्याभोवती लोखंडी सांगाडा होता, त्यावर बिस्किटाचा रिकामा खोका पालथा घातलेला. प्राचार्य म्हणाले, "हे फोटोत बरं दिसंना," आणि खोका बाहेर टाकायला लावला.

सर आले, पडद्यापुढं बसले. रेघ उभी. कुणी श्वास घेईना. नसरीनचे ओठ हलत होते, आवाज न्हवता.

तेवढ्यात प्राचार्य पुढं झाले. शाल झटकून उलगडली आणि सरांच्या खांद्यावर टाकली. टाळ्या!

रेघ गायब.

नसरीन पांढरीफटक पडली. मॅडमनी डोळे मिटले.

सर उठले, खांद्यावरची शाल काढली, हलक्या हातानं सांगाड्यावर पांघरली आणि परत येऊन बसले. थोड्या वेळानं रेघ उगवली, जागेवर थांबली. चहा आला, निवला, वर साय धरली, तरी रेघ तिथंच.

"स्थिर आहे," सर म्हणाले आणि कागदावर सही केली.

नसरीन ओढणीत तोंड लपवून रडायला लागली. मॅडम म्हणाल्या, "सर, तुमची शाल?"

"असू द्या. त्याची आहे ती."

प्राचार्य नारळ हातात घेऊन तसेच उभे होते. एकदा सरांकडं बघितलं, एकदा शालीकडं. मग हळूच मला विचारलं,

"मामा, मग ह्यो कुणाला द्यायचा?"