सीट चार बोटं खाली

वडिलांना अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला तेव्हा डॉक्टर त्यांना म्हणाले, "नशीबवान आहात." नशिबाशी वडिलांचा तोवर फारसा परिचय नव्हता. पुढे बोलणं सुधारलं, चालणंही बरंचसं सुधारलं, पण उजवा पाय डाव्या गुडघ्याच्या वर काही जाईना. म्हणजे सायकलवर टांग टाकता येईना. जन्मभर सायकलवरून अंबडला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात गेलेला हा माणूस. निवृत्तीनंतर भाजीपासून लाइटबिलापर्यंत सगळं त्याच सायकलवरून चालायचं. दोन हजार सालानंतर आमच्या गल्लीत घरोघरी मोटरसायकली आल्या, त्या त्यांनी पाहिल्या आणि सोडून दिल्या.

आता ते ओट्यावर खुर्ची टाकून, सायकलकडे तोंड करून बसायचे. पेपर वाचणं सुटलं. जेवण निम्म्यावर आलं. आईने एकदा मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "हे असेच बसून राहिले ना, तर पुढच्या वर्षी नुसती खुर्चीच राहील बघ." मी तिला म्हटलं, असं बोलू नकोस. भीती मलाही तीच वाटत होती.

एके दिवशी वडील आपणहून म्हणाले, "सीट चार बोटं खाली घे. पायरीवरून चढेन मी. उतरताना दोन्ही पाय टेकले, तर चालवीन."

मी पाना घेऊन लगेच बसलो. मीही अंबडलाच एका कंपनीत मेंटेनन्सला होतो. जाम झालेले नट सोडवण्याचाच मला पगार मिळत होता. बोल्ट ढिला केला आणि सीट पिळली. सीट फिरली, तिच्याखालचा पाइप जागचा हलला नाही. तो फ्रेमच्या आत गंजून असा धरून बसला होता, की पाइप कुठे संपतो आणि फ्रेम कुठे सुरू होते ते सांगता येऊ नये.

आमच्या गल्लीत घरटी एक माणूस अंबडला होता. फिटर, टर्नर, वेल्डर. अशा वस्तीत काही जाम झालं की ते एकट्या मालकाचं राहत नाही. रविवारी सगळे जमले. एकाने रॉकेल ओतायला लावलं. दुसऱ्याने ब्रेक ऑइल आणलं. तिसरा म्हणाला, रॉकेलनेच सगळा घोटाळा केला. कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करणाऱ्या एकाने कोल्ड्रिंक ओतायचं सुचवलं. त्याला कुणी उत्तर दिलं नाही, कारण तो स्टोअरमधला होता. मग वेल्डरने फ्रेमला गॅसची ज्योत दाखवली. रंग तेवढा जळाला.

शेवटी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला बोलावलं. तो घोटीकडचा. त्याने हातोडीने दोनदा ठोकून पाहिलं. "लय जाम हाय. नाय निघणार. वरूनच चार बोटं कापतो आन् सीटपुरता तुकडा वेल्डिंग मारून देतो. काम खतम."

खरं म्हणजे हे शहाणपणाचं होतं. आम्ही सगळे मान डोलावतच होतो. तेवढ्यात खुर्चीतून वडील म्हणाले, "पाइप कापला, तर मी बरा झाल्यावर सीट वर कशी घेऊ?"

सायकलवाल्याने हातोडी पिशवीत टाकली आणि चहा न घेताच गेला. मला वडिलांचा राग आला. पाय याहून सुधारणार नाही, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

पुढच्या रविवारी सायकल आणि वडील दोघांनाही रिक्षात घालून अंबडला एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये नेलं. सायकल थोडी बाहेर राहिली, वडील पूर्ण आत मावले. तिथे सीट काढली, सायकल उलटी केली आणि पाइप टेबलावरच्या मोठ्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला. पाइप फिरत नाही ना, मग सायकलच फिरवायची. मी हँडलकडून धरलं, मित्राने मागचं चाक. वडील स्टुलावरून ओरडत होते, "हिसका देऊ नका! दाब धरा, दाब!" बराच वेळ काहीच झालं नाही. मग आतून एक कण्हल्यासारखा आवाज आला आणि सगळी सायकल इंचभर सरकली. मी ओरडलो. मित्रही ओरडला. वडिलांनी फक्त चष्मा पुसला.

पाइप बाहेर आला तो पिवळा होता. फ्रेम उलटीच धरून ठोकली, तर गंजाच्या भुग्याबरोबर तांदळाचे काळे पडलेले दाणे पडले. सगळा उलगडा झाला. दसऱ्याला गल्लीत सगळेच आपापल्या गाड्यांची पूजा करतात. हळदकुंकू, अक्षता, झेंडूची माळ, चाकाशी नारळ. आईची पद्धत मात्र वेगळी होती. नवरा बसतो सीटवर, तेव्हा रक्षण सीटचंच व्हायला पाहिजे, म्हणून ती नारळाचं सगळं पाणी सीटवर ओतायची. सीटखाली फ्रेमला एक उभी फट असते. वर्षानुवर्षं हळद-अक्षतांसकट ते पाणी तिच्यातून आत मुरलं होतं.

घरी येऊन मी तो पाइप आईपुढे धरला. म्हटलं, "हे बघ तुझं काम."

आईने त्याला बोट लावून पाहिलं. "म्हणजे आतपर्यंत पोचत होतं तर," ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

पाइप घासला, ग्रीस लावून चार बोटं खाली बसवला. संध्याकाळी वडील पायरीवरून चढले. मी कॅरियर घट्ट धरून मागे पळू लागलो. "सोड," ते म्हणाले. मी सोडलं नाही. "सोड म्हणतो ना!" मी सोडलं. सायकल डावीकडे झुकली, सावरली आणि गल्लीतून निघाली. कोपऱ्यावर समोरून एक रिक्षा आडवी आली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा वडील रस्त्याच्या मधोमध थांबलेले होते. त्यांची पाठ हलत होती. मी धावत गेलो.

"बाबा, काय झालं?"

ते खाली बघत होते. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायला त्यांना हँडल सोडवत नव्हतं. "टेकले रे," ते म्हणाले. "दोन्ही टेकले."

रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. वडील हलले नाहीत, आणि मीही त्यांना हलवलं नाही.