बोर्डाला लावलेलं गंध

दसऱ्याला ड्यूटी लागली की माझं डोकं आधीच तापलेलं असायचं. नगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी टेस्ट डेस्कवर होतो. कुठल्या ऑफिसचा फोन बिघडला, की जागेवरून न हलता मीटर लावायचा आणि काट्यावरून ओळखायचं, दोष तारेत आहे की तिथल्या स्विचबोर्डात.

त्या सकाळी सोनईकडच्या एका कारखान्यातून ऑपरेटरबाईंचा फोन आला. बोर्डाच्या दोन लाइन नुसत्या गुरगुरत होत्या. तिसरी साध्या फोनवर होती, तिच्यावरून त्या बोलत होत्या. मी मीटर लावला. तारा ठणठणीत होत्या. मग बाईंना बोर्डावरची, लाइन जोडायची एकेक चावी वर करायला सांगितली. त्या तिकडे चावी उचलत, मी इकडे काटा बघे. सगळ्याच चाव्यांतून वीज भलतीकडे गळत होती. असं एकाएकी होत नसतं. बोर्डाला कुणी हात लावला का, म्हणून तीनदा विचारलं. तीनदा उत्तर आलं, "न्हाई." चौथ्यांदा मी आवाज चढवला आणि मेकॅनिकला पाठवतो म्हणालो.

तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, काल खंडेनवमी हुती. समद्या मशिनींची पूजा झाली. माझं मशीन हेच हाय. चाव्यांना गंध लावलं, पानी शिंपडलं. मेकॅनिकनं बघितलं तर मला काढतील. या महिन्यात कायम करनार हायेत."

मी राग गिळला. बोर्डाची बॅटरी बंद करायला लावली, मागचं झाकण काढायला लावलं, कोरड्या फडक्यानं चावी न् चावी पुसून घेतली आणि समोर टेबलफॅन लावायला सांगितला. तासाभरानं काटा जागेवर आला.

खरी अडचण पुढेच होती. दोषाचं कारण रजिस्टरात लिहायचं, आणि त्याची प्रत कारखान्याच्या मॅनेजरला जायची. गंध लिहिलं तर बाईंची नोकरी जाणार, आणि खोटं लिहायला माझा हात धजेना. शेवटी लिहिलं, 'ओल'.

आमचे साहेब नियमाला कडक. त्यातून ते दुष्काळाचं साल, विहिरींच्या तळाला भेगा पडलेल्या. त्यांनी रजिस्टर वाचून विचारलं, "ओल? यंदा?"

मी खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग "पाणी शिंपडलं होतं ना?" म्हणाले आणि सही केली.

महिना संपला आणि बाईंचा फोन आला. तक्रार काहीच नव्हती. "कायम झाले," एवढंच म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं, की त्यांनी फोन ठेवल्यावर मी उगाचच मीटर लावून त्यांची लाइन तपासत बसलो.