कापलेला अर्धा तास

समोरच्या इमारतीच्या परांचीवर चढण्याआधी एक रंगारी तिचा प्रत्येक सांधा पान्याने ठोकून बघत होता.

"चढ की, मुहूर्त शोधतोस काय?" जोडीदार ओरडला.

"घाई असेल तर तू चढ."

आमची कंपनी कारखाने बांधायची, तेव्हा तिथेही या ठोकाठोकीत रोज अर्धा तास जायचा. सगळ्या साइटचं वेळापत्रक मीच आखायचो. माणूस जपायला लागणारा वेळ मला वाया गेलेला वाटला. मी तपासणी आठवड्यातून एकदाच ठेवली. कामं भराभर उरकू लागली, माझं कौतुक झालं. एका सकाळी परांचीचा सैल सांधा निसटला आणि मुकादम दत्तूभाऊ खाली कोसळले. ते पुन्हा चालले नाहीत.

काम संपल्यावरच मी दवाखान्यात गेलो.

"साहेब, वेळेत झालं ना?" त्यांनी विचारलं.

"चार दिवस आधी," मी म्हणालो.