आतली कडी

नाट्य विभागात मी सुतार. एकोणीस वर्षं झाली, आणि खरं सांगतो, नाटक मला कधी आवडलं नाही. एवढं खपून भिंत उभी करायची, लोकांनी तीन दिवस तिच्यापुढे रडायचं, आणि चौथ्या दिवशी मीच ती मोडायची. हा काय धंदा झाला?

अभिनय शिकवणाऱ्या बाईंचं दार तेवढं मी कधी मोडलं नाही. तालमीच्या खोलीत मधोमध नुसती चौकट, मागून दोन तिरके टेकू, आणि जुन्या कपाटाचं एक दार. आजूबाजूला भिंत नाही, काही नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांनी सहा महिने या दारातून फक्त आत यायचं. कोणी नापास होऊन आलेला, कोणी आजाऱ्याला भेटायला आलेली. बाई समोर स्टुलावर, चष्मा कपाळावर. "खोटं. पुन्हा." पोरं बिचारी बाहेर. "तो हात तिथे काय करतोय? पुन्हा." मुलांनी त्यांचं नाव पुन्हाबाई पाडलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं. मला म्हणाल्या, "बरं आहे की. निदान नावावरून काम तरी कळतं."

एक सराव मात्र त्या कधी द्यायच्या नाहीत. पुष्कळ वर्षांनी घरी आलेलं माणूस. एका मुलीने हट्टच धरला, मॅडम, तो द्या ना. बाई म्हणाल्या, "तो मला तपासता येत नाही," आणि तास तिथेच संपवला.

यंदा एका दुपारी बाई माझ्या शेडमध्ये आल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, त्या दाराला आतून कडी बसवा."

"कडी? अहो, अडकली तर पोरं बाहेरच राहतील."

"पोरं नाही. मी."

मी रंधा खाली ठेवला. बाई फळ्यांच्या ढिगावर बसल्या आणि सांगायला लागल्या. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगी. नऊ वर्षांपूर्वी तिचं ठरलेलं लग्न मोडलं. भर दुपारी रडत घरी आली आणि दारातच थांबली. एक हात चौकटीवर, एक छातीवर. बाई पेपर तपासत होत्या. त्यांनी मान वर केली आणि तोंडातून निघून गेलं, "छातीवरचा हात काढ, खोटं वाटतंय. बाहेर जा, पुन्हा ये."

मुलगी बाहेर गेली. दार ओढून घेतलं, ते कायमचंच.

आधी मावशीकडे राहिली, मग दुसऱ्या गावी नोकरी, तिथेच लग्न. आता पदरात चार वर्षांचं पोर. आईचा आवाज आला की फोन ठेवते. आणि पुढच्या महिन्यात सगळी मंडळी कायमची परदेशी चाललेली. मावशीने चोरून पत्ता दिला होता.

"असं कसं बोललात हो तुम्ही?" मी म्हटलं. मला राहवेना.

"सवयीने," बाई म्हणाल्या. "माझी लेक खरंच रडत होती, आणि मी तिचा हात बघत बसले. रोज आठवतं. रोज."

मी कडी बसवली. रोज चारला, मुलं गेली की मी आत स्टुलावर, बाई बाहेर. खरं वाटलं तरच कडी काढायची, असं ठरलं. मी विचारलं, मीच का? तर म्हणाल्या, "मुलं मार्कांसाठी उघडतील. तुम्हाला नाटक आवडत नाही."

पहिल्या दिवशी त्यांनी दार वाजवलं. आवाजात नेमका हवा तेवढा कंप. "बाळा, चुकले मी. आईला माफ कर."

"फार छान," मी आतून म्हटलं. "टाळ्या पडतील. कडी काही निघत नाही."

दुसऱ्या दिवशी रडल्या. तिसऱ्या दिवशी चिडल्या, माझ्यावरच. आठवडा गेला. मलाही रात्री जेवण जाईना. मनात म्हटलं, काय हे लचांड मागे लावून घेतलं!

मग एके दिवशी दार वाजलं आणि पुढे काहीच नाही. खालच्या फटीतून बाईंच्या चपला दिसत होत्या. एक पाऊल दुसऱ्यावर चढवलेलं, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखं. बाजूला भिंत नव्हती. दोन पावलं सरकल्या असत्या तर सरळ माझ्यापुढे आल्या असत्या. पण त्या दारापुढेच उभ्या. बऱ्याच वेळाने आवाज आला, घोगरा, बसलेला. "मी आहे गं."

माझा हात कडीवर कधी गेला, मला कळलं नाही. दार उघडलं तर बाई पर्स पोटाशी धरून उभ्या, दुसरा हात कुठे ठेवावा ते सुचत नव्हतं.

"आता तिकडे जा," मी म्हटलं. "इथे वाया घालवू नका."

रविवारी गेल्या. सोमवारी पाहतो तर तासाच्या आधीच स्टुलावर हजर. खोलीत मुलं जमत होती. मी हळूच विचारलं, "भेटली?"

"नाही." बाई खाली बघून बोलत होत्या. "तिसरा मजला चढले. आतून तिचं हसणं ऐकू आलं. पोर काहीतरी बडबडत होतं आणि ती हसत होती. नऊ वर्षांनी ऐकलं, मिस्त्री. घंटीवर बोट ठेवलं आणि वाटलं, मी वाजवली की हे थांबेल. अर्धा तास ऐकत उभी राहिले, आणि उतरले."

माझं डोकंच फिरलं. जगभरच्या पोरांना दारातून आत घालायचं, आणि स्वतः उंबऱ्यावरून परत? पण त्यांचं तोंड बघितलं आणि रागावता येईना. आठवडाभर दाराआड बसून एकच गोष्ट शिकलो होतो, तीच बोललो.

"पुन्हा."

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, माझ्याकडे बघितलं. "आज तास आहे," म्हणाल्या.

"आत-बाहेरच करायचंय ना यांना? मी करवतो. तुम्ही निघा."

एरवी बाई वाद घातल्याशिवाय सोडणाऱ्या नव्हेत. त्या दिवशी पहिल्या वर्षाच्या मुलीसारख्या उठल्या, पर्स उचलली आणि निघाल्या. खोलीचा खरा दरवाजा डाव्या हाताला, तरी गेल्या त्या माझ्या दारातूनच.

मंगळवारी आल्या नाहीत. बुधवारीही नाहीत. मी इथे लागल्यापासून त्यांची एक रजा बघितली नव्हती. ऑफिसातल्या कारकुनाने सांगितलं, फोन आला होता, मुलीचं सामान बांधायचंय, ती जाईपर्यंत रजा.

गुरुवारी मी दारावरची कडी काढत होतो. मायलेकींना एकत्र दोन आठवडे मिळाले होते, नऊ वर्षांच्या बदल्यात. स्क्रू नीट निघत नव्हता, डोळ्यांपुढे धूसर होतं. मुलं येऊन उभी राहिली. "काका, मॅडम कुठे आहेत?"

"आत," मी म्हटलं.